प्रेसनोटमधलं पहिलं गाव

मावशीने फोनवर एकच गोष्ट विचारली. काकांना अग्नी देणाऱ्या माणसाचं नाव काय होतं.

मावशीचं घर नरसीजवळच्या एका खेड्यात आहे. थोडी हळद, थोडं सोयाबीन, दारात एक म्हैस. तिचे यजमान, ज्यांना आम्ही भाचे मंडळी काका म्हणायचो, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. एका तालुक्याच्या ठिकाणी शाळेच्या इमारतीत तात्पुरतं उपचार केंद्र उघडलं होतं, तिथे. मावशी त्या वेळी घरात बंद होती, तिलाही ताप होता. तिचा एकुलता मुलगा पुण्यात, तोही आजारी. नातेवाइकांपैकी स्मशानभूमीपर्यंत पोचलेला मी एकटा. मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि रस्त्यावर फिरण्याचा पास माझ्याकडे होता. आत सोडत नव्हते. जे पाहिलं ते कंपाउंडच्या भिंतीबाहेरून पाहिलं.

पांढरे सूट, मास्क आणि चष्मे घातलेली चार माणसं काम करत होती. काकांना ओट्यावर ठेवल्यावर त्यांच्यातला एक डोक्याच्या बाजूला गेला. त्याने प्लास्टिकच्या बाटलीतून पाणी सोडलं, बाटली बाजूला ठेवली आणि लांब बांबूच्या टोकाला बांधलेला बोळा पेटवून सरणाला लावला. हे मी तिथूनच मावशीला फोनवर सांगितलं. पाहिलं तेवढंच सांगितलं, त्यात भर घातली नाही.

तेव्हापासून मावशीच्या बोलण्यात तो माणूस पाणी पाजणारा झाला होता. बायका भेटायला आल्या की ती सांगायची, "लेक पोचला न्हाई, पण देवानं एक माणूस उभा केला. पाणी पाजलं, मग आग दिली."

आता मावशीच्या किडन्या निकामी झाल्या आहेत आणि डायलिसिससाठी तिला नांदेडला न्यावं लागतं. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. मावशीला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि तिला ते कळलेलं होतं.

"नाव कशाला पाहिजे, मावशी?" मी विचारलं.

"जेवू घालायचंय."

"कोणाला?"

"त्यालाच. औंदा पित्राला तोच बसंल पाटावर. तू काहून एवढं विचारून राहिला? नाव सांग, गाव सांग. बाकीचं मी पाहते."

आमच्या भागात भाद्रपदात गेलेल्या माणसाच्या तिथीला कोणालातरी पितर म्हणून जेवायला बोलावतात. त्याचे पाय धुतात, त्याला पाटावर बसवतात, पहिलं पान त्याचं. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला, असं मानतात. बहुतेक वेळा भावकीतलाच एखादा वडीलधारा बसतो. मावशीच्या घरी इतकी वर्षं तसंच चाललं होतं.

नाव मला आठवत नव्हतं. मी तसं सांगितलं. मावशी म्हणाली, "तू लिहून ठेवलं होतं. तूच म्हणला होता, मी त्यायच्याशी बोललो, समदं लिहून घेतलं म्हणून."

तेही खरं होतं.

त्या संध्याकाळी काम संपल्यावर ती चार माणसं स्मशानभूमीच्या मागच्या बाजूला बसली होती. मास्क आणि चष्मे त्यांनी अजून काढले नव्हते. मी लांब उभा राहून त्यांच्याशी बोललो. ते कंत्राटावर घेतलेले मजूर होते, आसपासच्या खेड्यांतले. आपण हे काम करतो हे गावात कोणाला माहीत नाही, कळलं तर राहू देणार नाहीत, म्हणून नाव छापायचं नाही, कोणाला दाखवायचंही नाही, या अटीवर ते बोलले. मी कार्यालयात येऊन सगळं टाइप केलं, नावागावासकट, आणि फाइलला पासवर्ड लावला. बातमी छापून आली नाही. त्या दिवसांत पानं कमी झाली होती आणि जागा नव्हती. पुढे आमचं जिल्हा कार्यालयच बंद झालं. निघताना मी माझ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या. ती फाइल त्यात होती. घरच्या लॅपटॉपवर तिच्यावर क्लिक केलं की पासवर्ड मागणारी चौकट यायची.

दुसऱ्या कुठल्या मार्गाने नाव मिळतं का ते आधी पाहिलं. ज्या गावी ती स्मशानभूमी होती तिथल्या कचेरीत चौकशी केली. कंत्राटदार बदलला होता, मजुरांची हजेरी त्याच्याकडे असायची, तो आता दुसऱ्या जिल्ह्यात रस्त्याची कामं घेतो, असं उत्तर मिळालं. त्याला फोन लावला. तो म्हणाला, त्या काळात कोण आलं, कोण गेलं, एका दिवसात पळून जायचे, कोणाकोणाचं नाव ध्यानात ठेवू. चेहऱ्यावरून ओळखण्याचा प्रश्न नव्हता. चौघांपैकी कोणाचाही चेहरा मी पाहिलेला नव्हता.

मधल्या काळात मावशीच्या घरी या विषयावर भांडण झालं. मुलगा पुण्याहून आलेला होता. मी गेलो तेव्हा मावशी ओसरीत बाजेवर होती आणि तो उंबऱ्यावर बसून फोन चाळत होता.

"आई, पितर म्हणून भावकीतलं माणूस बसवतेत," तो म्हणाला. "उगं कोणालाबी धरून आणून कसं जमंल?"

"भावकी कुठं होती तवा?"

"तवाची गोष्ट येगळी होती. कोण हाय, कुठला हाय, काही तरी माहीत हाय का आपल्याला? लोक नावं ठेवतील."

"त्यानं तुझ्या बापाला हात लावला. तुला लावता आला न्हाई, मला लावता आला न्हाई. आता त्याचा हात पाटाला लागला तर पाट बाटते का?"

"मी तसं म्हणलो का?"

"मग कसं म्हणून राहिला?"

मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, तुमाला ते नाव सापडलं नसंल तर नसू द्या. सांगून टाका तिला सरळ."

"तो खोटं बोलत नसतो," मावशी म्हणाली. "बातम्या लिहायचा त्यो." मग मलाच म्हणाली, "काय रं, बराबर हाय ना?"

आमच्या कार्यालयात पासवर्डची एक पद्धत होती. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि ते वापरणारे सात-आठ जण. जाहिरातवालेही त्याच यंत्रांवर बसायचे. त्यामुळे ज्या मजकुरात कोणी विश्वासाने सांगितलेलं नाव असेल तो कुलूप लावून ठेवायचा, अशी कार्यालयप्रमुखांची सक्त ताकीद होती. पण प्रत्येकाने आपापला पासवर्ड ठेवला तर माणूस रजेवर गेल्यावर मजकूर अडकायचा. म्हणून प्रमुखांनी नियम केला: त्या दिवशी ज्या गावचा आठवडी बाजार असेल त्या गावाचं नाव, पुढे तारीख. बाजाराचे दिवस सगळ्यांना पाठ होते, कारण रोज पान तीनवर खाली उजवीकडे 'आजचा बाजार' अशी चौकट जायची. कुठल्या गावचा बाजार, हळदीचा भाव, सोयाबीनचा भाव, तुरीचा भाव. बाहेरच्या माणसाला या नियमाचा पत्ता लागण्याचं कारण नव्हतं आणि आतल्या माणसाला विसरण्याचं कारण नव्हतं.

फाइलची तारीख माहीत होती. वारही काढता आला. त्या वारी जिल्ह्यात जिथे जिथे बाजार भरतो ती सगळी गावं मी एकेक करून टाकली. चौकट दर वेळी तोच मजकूर दाखवायची, पासवर्ड चुकीचा आहे. दुसऱ्या दिवशी वार चुकला असेल म्हणून आदल्या आणि पुढच्या वाराची गावं टाकली. मग आठवड्यातली सगळी. तारीख आधी आणि गाव नंतर असं करून पाहिलं. फाइल उघडली नाही.

हिंगोलीत बसस्थानकाजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकानदार पोरसवदा नव्हता, चाळिशीतला, हातातलं काम न थांबवता बोलणारा.

"सर, बीवी का नाम डाला?"

"ऑफिसची फाइल आहे."

"ऑफिस की फाइल में भी लोग बीवी का नाम डालते। नहीं तो पुरानी गाडी का नंबर।" त्याने स्क्रू काढून झाकणात ठेवला. "छोड के जाओ। सॉफ्टवेअर लगा देता, रातभर चलेगा, सुबह खुला हुआ मिलेगा। आदमी सो जाता है, वो नहीं सोता।"

"माझ्यासमोर नाही होणार?"

"सामने कैसे होगा? टाइम लगता। और खुलेगा तो एक कॉपी मेरे यहाँ रहेगी, दो दिन बाद डिलिट मार देता। सबका ऐसाच करता।"

मी पेनड्राइव्ह परत खिशात ठेवला. चार माणसांना दिलेला शब्द दुकानातल्या यंत्रावर रात्रभर सोडून येणं शक्य नव्हतं. दुकानदाराला वाईट वाटलं नाही. तो म्हणाला, "जिसमें कुछ होता, वो लोग छोड के नहीं जाते।"

भाद्रपद जवळ येत होता. मावशीचा फोन एक दिवसाआड यायचा. ती फाइल हा शब्द वापरत नव्हती. "उघडलं का?" एवढंच विचारायची. एकदा नांदेडहून परतताना गाडीतूनच बोलली, आवाज बसलेला होता. "ह्या वर्षी न्हाई झालं तर मग न्हाईच होत," ती म्हणाली. मागून मुलगा काहीतरी बोलला. ती त्याला म्हणाली, "तू गप गाडी चालव."

कार्यालय बंद होताना आमच्या जुन्या अंकांचा गठ्ठा कळमनुरीच्या एका वाचनालयाला दिला गेला होता. पासवर्ड टाकला त्या दिवशीचा अंक पाहिला तर काहीतरी आठवेल, इतक्याच अंदाजावर मी तिथे गेलो. ग्रंथपालांनी माळ्यावरून गठ्ठे खाली काढायला परवानगी दिली. आधीच्या वर्षांचे अंक पुठ्ठ्यात बांधलेले होते. कोरोनाच्या महिन्यांचे अंक बांधलेले नव्हते, सुतळीने आवळलेले होते, कारण बांधणीवालाच तेव्हा येत नव्हता. अंक अंगाने बारीक होते. काही चार पानी.

त्या तारखेचा अंक काढून पान तीन उघडलं. खाली उजवीकडे 'आजचा बाजार' नव्हता. त्या जागी त्याच मापाची, त्याच जाड रेघेची दुसरी चौकट होती. गावनिहाय नवे रुग्ण.

आठवडी बाजार बंद होते. जिल्ह्यात एकाही गावचा बाजार भरत नव्हता, आणि मी आठवडाभर भरत नसलेल्या बाजारांची नावं टाकत बसलो होतो. चौकट बदलल्यावर नियमही बदलला होता, तो कोणी सांगून बदलला नव्हता, आपोआप बदलला होता. रोज संध्याकाळी जिल्ह्याच्या यंत्रणेकडून प्रेसनोट यायची. तिच्यात गावांची नावं असायची. पहिल्या ओळीतलं पहिलं गाव, तेच त्या दिवसाचं कुलूप. सगळे त्या नोटेची वाट पाहत बसलेले असायचे, त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत असायचं. हे आठवायला चौकट समोर असावी लागली.

लॅपटॉप सोबत होता. चौकटीतलं पहिलं गाव टाकलं, पुढे तारीख टाकली. पासवर्ड चुकीचा आहे.

मग लक्षात आलं की सकाळी वाचकाच्या हातात पडणारा अंक आदल्या संध्याकाळच्या नोटेवर निघालेला असतो. मी ज्या संध्याकाळी फाइल टाइप केली त्या संध्याकाळची नोट पुढच्या दिवशीच्या अंकात गेली असणार. बावीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाने हे आधी पाहायला हवं होतं. गठ्ठ्यातला पुढचा अंक काढला. चौकटीत पहिलं नाव कळमनुरी तालुक्यातल्याच एका लहान गावाचं होतं. मी त्या गावात कधी गेलो नव्हतो, तिथली एकही बातमी कधी लिहिली नव्हती. नाव नोटेतून आलं, चौकटीत गेलं, फाइलला लागलं आणि गेलं. ते टाकल्यावर फाइल उघडली.

साडेतीन पानांचा मजकूर होता. बातमीच्या भाषेत लिहिलेला, म्हणजे लिहिणाऱ्याला काय वाटलं हे त्यात कुठेही नव्हतं. चौघांची नावं, गावं, वयं. लाकूड कसं यायचं, ओलं असायचं. सूट किती तास घालावा लागतो, आत घाम कसा साठतो. जेवणाचे डबे कुठे ठेवतात. त्यांच्याकडे मृतांची नावं नसत, कागदावरचे क्रमांक असत. काकांचा क्रमांक मी त्या दिवशी विचारून घेतला होता आणि तो ओटा कोणाकडे होता हेही लिहिलं होतं. चौघांतला शेवटचा. गाव शिरड शहापूरच्या बाजूचं.

त्याच्या परिच्छेदात पुढे अशी ओळ होती: "अग्नी देण्यापूर्वी बाटलीतून पाणी सोडले त्याबाबत विचारले असता, उजव्या हाताचा मोजा फाटला होता, म्हणून हात धुतला, असे त्याने सांगितले."

ही ओळ मीच लिहिली होती. तो प्रश्न मी विचारला होता आणि उत्तर घेतलं होतं. ओळ वाचेपर्यंत त्यातलं काहीही माझ्या आठवणीत नव्हतं. मावशी जे सांगत होती तेच माझ्याही आठवणीत राहिलं होतं.

वाचनालयात दोन म्हातारे पेपर वाचत होते. एकाने पंखा वाढवायला सांगितला. मी अंक सुतळीत बांधले आणि माळ्यावर ठेवून दिले.

नाव मावशीला देण्याआधी त्या माणसाला विचारणं भाग होतं. दोन दिवसांनी त्याच्या गावी गेलो. कोणाचं घर म्हणून विचारलं तर लोक कोण, कशासाठी असं विचारतात, म्हणून शेतमालाच्या गाडीच्या भाड्याचं निमित्त सांगितलं. तो आता मालवाहू तीनचाकी चालवतो, हे फाट्यावरच कळलं होतं. घरापुढे गाडीचं चाक काढून बसला होता. पन्नाशीला आलेला, शिडशिडीत, उन्हाने रापलेला. मी ज्याच्याशी बोललो होतो तोच हा, हे आवाजावरून कळलं.

मी हळू आवाजात ओळख दिली. त्याने हातातला पाना खाली ठेवला, घराकडे पाहिलं आणि म्हणाला, "चला, तिकडं जाऊ." आम्ही गावाबाहेर पाण्याच्या टाकीखाली गेलो.

"तुमी म्हणले होते नाव कुठं येणार न्हाई," तो म्हणाला.

"आलेलं नाही."

"मग तुमी इथपर्यंत कसे आले?"

"मी लिहून ठेवलं होतं. त्याला कुलूप होतं. कुलपाचा शब्द मीच विसरलो होतो, आता सापडला."

"विसरले होते ते बरं होतं, साहेब."

तो रागाने बोलत नव्हता. मी मावशीबद्दल सांगितलं. तिचा आजार, पित्राचं जेवण, पाट. त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्येच दोनदा मान वळवून रस्त्याकडे पाहिलं.

"माझी पोरगी इथून जवळच दिलीय," तो म्हणाला. "सोयऱ्यांना माहीत न्हाई मी ते काम केलं म्हणून. तवा गावात सांगितलं होतं, कंपनीत वॉचमन हाय. आज बी तेच समजतेत लोक. मी तुमच्या मावशीकडं जेवायला येऊ ते कोण म्हणून येऊ? पाटावर बसलो की भावकी विचारंल ना, हे कोणते पाहुणे? काय सांगतील त्या?"

"काहीतरी सांगता येईल."

"एक सांगितलं की दुसरं इचारतेत. तुमी पेपरात होते, तुमाला माहीत हाय." तो जरासा हसला. "आन मी कोणाकोणाकडं जेवू? त्या महिन्यात जितके होते त्या समद्यांनी बोलवलं तर माझा भाद्रपद पुरायचा न्हाई."

मी म्हणालो, मावशीला तुमचं विशेष वाटतं, कारण तुम्ही काकांना पाणी पाजलं असं ती समजते.

"पाणी?"

"बाटलीतून. डोक्याच्या बाजूला उभे होते तुम्ही."

त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "हात धुतला असंल. मोजे लई फाटायचे. लाकडाच्या मोळीची तार लागायची."

"तसंच लिहिलंय मी. ते पाणी पडलं कुठे?"

"म्हणजे?"

"अंगावर पडलं का, काकांच्या?"

त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "बाजूला. मातीत. मयताच्या अंगावर हात धुतेत का कोणी? आमी बी माणसं हाव."

परत निघताना तो गाडीपर्यंत आला. गावातला एक जण समोरून येत होता, त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात तो मला म्हणाला, "भाड्याचं मग फोनवर सांगतो, साहेब." त्याने फोन नंबर मात्र दिला नाही, मीही मागितला नाही.

त्याच आठवड्यात मावशीकडे गेलो. ती आदल्या दिवशी नांदेडहून आली होती. हाताला पट्टी होती, पाय सुजलेले होते. मुलगा बाहेर म्हशीकडे होता. मावशीने विचारायच्या आधीच सांगायचं ठरवलं होतं, पण तिनेच आधी विचारलं.

"उघडलं?"

"उघडलं."

"मग?"

"माणूस सापडला, मावशी. मी भेटून आलो. तो येत नाही म्हणतो."

"काहून?"

मी कारण सांगितलं. पोरगी, सोयरे, वॉचमन. नाव आणि गाव सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. ती म्हणाली, "बराबर हाय त्याचं. लेकीच्या घराला बट्टा नको." मग लगेच, "आपण त्याच्या घरी डबा धाडला तर? दुपारच्याला. कोणाला काही सांगायचं न्हाई. खीर आन वडे."

"मावशी, अजून एक आहे."

तिने पट्टीचा हात दुसऱ्या हाताने उचलून पोटावर ठेवला.

मी फाइलमधली ओळ सांगितली. मोजा फाटला होता, हात धुतला. ती ऐकत होती. चेहऱ्यात फरक पडला नाही.

"पण डोक्याकडंच उभा होता ना?"

"होता."

"मग पाणी पडलं असंल ना थोडंफार."

"मी विचारलं. तो म्हणाला, बाजूला मातीत पडलं. मयताच्या अंगावर कोणी हात धूत नाही, म्हणाला."

बाहेर बादली ठेवल्याचा आवाज झाला. मुलगा दाराशी येऊन उभा राहिला, आमच्याकडे पाहून परत गेला.

"म्हणजे तसेच गेले," मावशी म्हणाली.

काकांना तहान फार लागायची. शेतातून आले की तांब्या तोंडाला लावून उभ्यानेच संपवायचे आणि मावशी त्यांना बसून प्या म्हणायची. उपचार केंद्रातून शेवटचा फोन आला होता तेव्हा त्यांनी तिला काय सांगितलं होतं हे मला माहीत नाही, ती कधी बोलली नाही.

मावशी म्हणाली, "माणूस चांगला हाय पण."

"आहे."

"हात धुताना बी बाजूला झाला. दुसऱ्यानं तिथंच धुतला असता." तिने डोळे मिटले होते. "धुतला असता तर बरं झालं असतं."

जायला उठलो तेव्हा तिने पुन्हा हाक मारली.

"त्याला सांगू नको, मी काय समजून बसले होते ते. त्याला उगं वाईट वाटंल."

त्याला सांगून झालं होतं. ते मी तिला बोललो नाही.

तिथीला पाटावर भावकीतले एक वयस्क गृहस्थ बसले. मुलानेच त्यांना आणलं होतं. मावशीला उभं राहवत नव्हतं, तरी पहिलं वाढणं तिने केलं. त्या गृहस्थांनी जेवताना सोयाबीनचं काय झालं, नांदेडला गाडीला किती वेळ लागतो, हे विचारलं. मावशीने उत्तरं दिली. त्यांनी दुसऱ्यांदा वडे मागितले, ते सुनेने आणले. जेवण झाल्यावर त्यांनी पाटावरून उठताना नेहमीप्रमाणे म्हटलं, पोट भरलं. मावशी म्हणाली, बरं.